पुण्यात जुनी इम्पाला पाळायची तर: आधी कागद, मग ब्रेक, क्रोम सगळ्यात शेवटी

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढली की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "काका, ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "विकायचीय का?" पहिल्याचं उत्तर, गावात लिटरला चार, फार तर पाच. दुसऱ्याचं उत्तर मी दर पावसाळ्यात बदलत असतो.

गाडी आहे १९६५ ची शेवरोले इम्पाला, चार दारांची, डाव्या स्टेअरिंगची. ओळखीतल्या दोन-तीन पोरांनी अलीकडे अशाच जुन्या अमेरिकन गाड्या घेतल्या आणि सगळ्यांनी तीच चूक केली जी मी केली होती. गाडी दारात आली की आधी रंग, मग सीटची शिलाई, मग बंपरला क्रोम. पैसे संपले की कळतं, गाडी थांबत नाही. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाबद्दल आहे. क्रमासोबत एक पथ्यही पाळायचं: जे बदलाल ते नटबोल्टने बसलं पाहिजे आणि नटबोल्टनेच परत निघालं पाहिजे. गॅसकटर आणि वेल्डिंग मशीन गाडीपासून चार हात लांब. मूळ निघालेला प्रत्येक भाग खोक्यात, वर चिठ्ठी.

कोणती गाडी घ्यावी

आपल्याकडे 'इम्पाला' हा शब्दच श्रीमंतीचा. अमेरिकेत मात्र जनरल मोटर्सच्या उतरंडीत शेवरोले सगळ्यात खाली, ब्यूक मधे आणि कॅडिलॅक सगळ्यात वर. नवख्या मालकाच्या हे पथ्यावरच पडतं. १९६५ च्या एकाच मॉडेल वर्षात इम्पाला दहा लाखांहून जास्त विकल्या गेल्या. एवढ्या संख्येमुळे तिचे ब्रेक सिलिंडर, गॅस्केट, दाराची रबरं, अगदी टेललाइटच्या काचासुद्धा अमेरिकेत आजही नव्या बनवून विकतात. याउलट हडसन १९५७ ला, पॅकार्ड १९५८ ला आणि स्टुडबेकर १९६६ ला संपली. या गाड्या देखण्या आहेत, पण एक पट्टी तुटली की ती जगभर शोधत बसावं लागतं. ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

स्वातंत्र्याच्या आसपासची गाडी हवी असेल तर मुंबईत जुळवलेल्या गाड्या बघा. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याला प्रीमियरने डॉज, प्लिमथ आणि डीसोटो जुळवल्या. या बहुतेक उजव्या स्टेअरिंगच्या असतात आणि त्यांची साधी सहा सिलिंडरची इंजिनं जुन्या मिस्त्रींच्या हातातून गेलेली असतात.

आणि घेण्याआधी टेप घेऊन पार्किंग मोजा. इम्पाला ५.४ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे. सोसायटीच्या आखलेल्या चौकोनात ती बसत नाही. बसलीच तर दार उघडत नाही. पेठेत राहणाऱ्यांनी घराजवळ ठेवायचा विचार सोडून द्यावा आणि उपनगरात एखादी शेड भाड्याने घ्यावी. शेडला पक्की फरशी हवी. मातीच्या जमिनीतली ओल पावसाळाभर खालून पत्रा खाते.

कागद

विक्रेता चावी हातात देतो तेव्हा तुम्ही आरसी बुक मागा. त्यावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः, चष्मा लावून, एकेक आकडा वाचून ताडा. १९६५ च्या इम्पालाला ही पट्टी डाव्या बाजूच्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. आकडा १६४३९५ असा सुरू झाला तर पहिला १ म्हणजे शेवरोले, ६४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची इम्पाला, ३९ म्हणजे मधला खांब नसलेली चार दारांची बॉडी, ५ म्हणजे १९६५; पुढे कारखान्याचं अक्षर आणि सहा आकडी क्रमांक. ६४ च्या जागी ६३ असेल तर ती मुळात सहा सिलिंडरची गाडी होती, मग बॉनेटखाली काहीही दिसो.

बॉनेटखाली काय काय दिसू शकतं हेही सांगतो. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेक मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. मॅटाडोर टेम्पोचं इंजिन लावलेली अमेरिकन गाडी दिसली तर हसू नका, पण आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि इंजिन बदलायचं तर परवानगी लागते. अशी परवानगी कागदावर नसेल तर ती डोकेदुखी गाडीसोबत तुमच्या नावावर होते.

पुण्यात हमखास भेटणारा प्रकार म्हणजे आजोबांच्या नावावरची गाडी. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, गाडी आउटहाउसमध्ये, आणि नातू म्हणतो, "सही करून देतो की." नातवाची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी चढली पाहिजे, बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि मगच फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर येते. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत आधी. वारसांत भांडण आहे असा वास आला तरी पाय मागे घ्या. चार भावंडांच्या सह्यांपैकी चौथी कधीच मिळत नाही. गाडी मुळात परदेशातून आलेली असेल तर आयातीचा आणि भरलेल्या जकातीचा कागदही मागा.

आता मोठा निर्णय. २०२१ च्या जुलैत केंद्रीय नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खाजगी वापराची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी तिथे बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. ज्या गाडीचे कागद मेलेले आहेत तिच्यासाठी हा मोठा आधार आहे. पण दोन अटी नीट वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी चालत नाही. आणि रस्त्यावर आणायची ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल किंवा दुरुस्ती यासाठी. रविवारी मिसळ खायला जाणं यापैकी कशात बसतं ते तुम्हीच ठरवा.

माझं मत: जुनी आरसी जिवंत असेल, तर ती जिवंतच ठेवा. फॉर्म २५ वर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. पर्यावरण कर भरावा लागतो, परदेशी गाडीचं शुल्क देशी गाडीपेक्षा बरंच जास्त पडतं आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत एक-दोन दिवस मोडतात. पण गाडी मोकळेपणी चालवता येते आणि जुना नंबरही राहतो. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च काढू असं कोणी सुचवेल. खाजगी नोंदणीवर ते बेकायदा आहे, आणि नवरदेवाच्या मित्रांनी बॉनेटवर बसून काढलेल्या फोटोंचा डेंट कोणतीही विमा कंपनी भरून देत नाही.

विम्याचंच निघालं म्हणून: पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि बंद पडलेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. गाडीचे फोटो, बिलांची फाइल आणि सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल घेऊन जा. नाहीतर समोरचा माणूस "गाडी किती जुनी? साठ वर्षं? मग किंमत शून्य" म्हणून मोकळा होतो.

बघायला जाताना

खिशात लोहचुंबक ठेवा, त्याला पातळ फडकं गुंडाळा. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीची जमीन आणि मागच्या काचेखालची पट्टी इथे तो फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. थोडी लांबी सगळ्याच गाड्यांत असते. तळहाताएवढ्या जागेत सलग असेल तर आत जाळी झालेली समजा.

पावसाळ्यात बघितलेली गाडी सगळ्यात खरी. गालिचा उचला, जमिनीला हात लावा.

स्टेअरिंग नंतर उजवीकडे आणलेलं असेल तर डॅशबोर्डखाली डोकं घाला. कुणी सांधे जोडून नेलेलं असतं, कुणी साखळी लावून. स्टेअरिंगचा जोड वेल्डिंगने केलेला दिसला तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा. डावं स्टेअरिंग चालवायला तितकं अवघड नाही. ओव्हरटेकला शेजारी एक शहाणा माणूस लागतो, इतकंच. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीला सिग्नल देणारं चालू यंत्र हवं अशी कायद्याच्या कलम १२० ची अट आहे, त्यामुळे इंडिकेटर चारही कोपऱ्यांना लागतात का ते तिथेच बघा.

पहिला महिना: फक्त द्रव आणि रबर

गाडी आली की सगळे द्रव बदला. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल. जुनं ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून बघा. चकाकणारे कण, पाण्याचा दुधाळपणा, जळका वास, सगळं तिथे कळतं. पॉवरग्लाइड नावाच्या दोन गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला डेक्स्रॉन जातीचं ऑइल चालतं.

रबराचं प्रकरण आता गंभीर झालंय, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. १९६५ च्या गाडीचे होसपाइप, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली रबरं त्यासाठी बनलेलीच नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, मग गळतात. आणि गळणार कुठे, तर तापलेल्या व्ही-८ वर. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा सगळा रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरोरबराचा टाका, क्लिपा नव्या घ्या. इथेनॉल टाकीतला जुना राळेसारखा गाळही सोडवतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर वारंवार बदलावा लागतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असू द्या. अर्धी टाकी पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढते. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं, त्यामुळे कधी इंजिनाची हेडं उतरवलीच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम उतरवू नका.

ब्रेक

सासवडहून परत येताना दिवे घाटात माझ्या पायाखालचं पेडल मऊ होत गेलं, तो दिवस मी विसरलेलो नाही. तिसऱ्या वळणाला ते जवळपास जमिनीला टेकलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे एसटी. गिअरचा लीव्हर खाली 'एल' मध्ये, म्हणजे खालच्या गिअरमध्ये ओढला, इंजिन ओरडलं, गाडी सावरली. खाली उतरल्यावर चाकांना हात लावायची हिंमत झाली नाही, जळक्या लायनरचा वास गाडीभर.

झालं होतं ते असं. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दीड टनाहून जड गाडी उतारावर पुन्हा पुन्हा अडवली की ड्रम तापतो, फुगतो आणि ब्रेक शूपासून दूर सरकतो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंज होतं. म्हणून पहिला नियम चालवण्याचा: उतार सुरू होण्याआधी वेग कमी करा आणि 'एल' टाका. ब्रेकने गाडी रोखून धरायची नाही, मधून मधून दाबायचं आणि सोडायचं.

दुसरं कारण जास्त भीतिदायक. १९६५ च्या गाडीत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मुख्य सिलिंडर, एकच कप्प्याचा असतो. कुठल्याही एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्प्यांचे मास्टर सिलिंडर आले, पुढच्या चाकांचं एक सर्किट आणि मागच्यांचं दुसरं. हाच बदल तुमचा पहिला 'अपग्रेड' असू द्या. तो फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या, मूळ भोकांवर बसतो आणि परत काढता येतो.

त्याच्याआधी जे आहे ते नीट करा. चारही व्हील सिलिंडर उघडा. आत खड्डे पडले असतील तर भोसरी एमआयडीसीत लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह बसवून मिळते. ड्रम लेथवर लावा, पण आतल्या व्यासाची कमाल मर्यादा ओलांडली असेल तर तो ड्रम भंगारात. लायनर नवे चिकटवून घ्या. जुन्या लायनरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा. लोखंडी ब्रेक पाइप नवे, तिन्ही रबरी होस नवे.

पुढे डिस्क ब्रेक लावावेत का? घाटात नियमित जाणार असाल तर हो. पूर्ण संच अमेरिकेतून येतो, मूळ स्पिंडलवर (पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर) बसणारा मागवा. मागवताना दोन गोष्टी विचारा: १४ इंची मूळ चाक कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या पकडीला, घासतं का, आणि मागच्या ड्रमसाठी दाब विभागणारा व्हॉल्व्ह सोबत आहे का. तो व्हॉल्व्ह नसेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते.

इंजिन थंड ठेवणं

"साहेब, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापायची नाही." हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो सुमारे ८२ अंशांना उघडतो, आणि पूर्ण उघडल्यावर तो गाडी तापवत नाही. तो काढल्यावर डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरमच होत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो, पेट्रोल जास्त जळतं. खरं दुखणं रेडिएटर, पंखा किंवा इंजिनाच्या पाण्याच्या वाटा यांपैकी कशात तरी असतं.

ते शोधायचा क्रम असा. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून उकळा, उघडतो का बघा. रेडिएटर काढून नळ्यांत सळई मारून घ्या, किंवा सरळ नवा कोअर भरून घ्या, तांब्या-पितळेचाच. ब्लॉकच्या बाजूचे ड्रेन प्लग उघडा. बहुतेक वेळा तिथून पाणी येतच नाही, तार घालून गंजाचा चिखल काढावा लागतो. पंख्याभोवतीचं शीट मेटलचं कवच जागेवर आहे का? ते नसेल तर पंखा रेडिएटरच्या फक्त मधल्या गोलातून हवा ओढतो. आणि बोअरचं पाणी कधीही भरू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने आत किटलीसारखा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बस.

रेडिएटरची टोपी ही क्षुल्लक वाटणारी महत्त्वाची वस्तू. ती आतला दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. महाबळेश्वरला उघड्या भांड्यात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे टोपीचं रबर कडक झालेलं असेल तर घाट चढून गाडी उभी करताच ती वाफ सोडते.

मे महिन्यात दुसरा आजार होतो: पेट्रोल पाइपमध्येच उकळून वाफ अडकते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनावरच्या छोट्या पंपावर, ओलं फडकं टाकायचे. युक्ती अजून चालते आणि डिकीत एक फडकं मी कायम ठेवतो. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर नेणं, त्यावर उष्णतारोधक कवच घालणं, आणि तरीही भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. तो लावलात तर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून जोडा, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबतो. ही जोडणी करायचा इलेक्ट्रिशियन कंटाळा करतो. तुम्ही करू देऊ नका.

वीज आणि दिवे

इथे बदलांची साखळी लागते. इलेक्ट्रिक पंखा लावला, वीज पुरेना. मोठा अल्टरनेटर लावला, जुन्या तारा तापल्या. मूळ अल्टरनेटर ३७ अँपियरच्या आसपासचा, आणि इलेक्ट्रिक पंखा एकटाच वीस-पंचवीस खातो. त्यामुळे क्रम उलटा करा: आधी तारा, मग अल्टरनेटर, मग पंखा किंवा एसी. साठ वर्षांची वायरिंग वाकवली की तडकते. पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, त्याच रंगांच्या तारांचा बनवून घ्या, सगळ्या तारा काळ्या वापरणाऱ्याला हात लावू देऊ नका.

१९५५ च्या आधीची गाडी असेल तर ती बहुधा ६ व्होल्टची असते. फोर्ड, क्रायस्लर आणि पॅकार्डच्या त्या काळच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने उलट जोडलं की धूर निघतो.

दिव्यांचं एक गुपित. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून मूळ सीलबीमचा (काच आणि बल्ब एकत्र असलेल्या दिव्याचा) डिपर उजवीकडे जास्त प्रकाश टाकतो. आपल्याकडे उजवीकडे समोरचा ड्रायव्हर असतो. म्हणजे तुम्ही सभ्यपणे डिपरवर चालता आणि तो तुम्हाला शिव्या घालतो. पावणेसहा इंची गोल, डाव्या रहदारीसाठीचे एच-४ रिफ्लेक्टर बाहेरच्या दोन दिव्यांत बसवा आणि रिले, म्हणजे जास्त करंट पेलणारा वेगळा स्विच लावा, नाहीतर सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जातो. मागे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बने लागतात; आपल्याकडच्या लोकांना लाल इंडिकेटर कळत नाही. बंपरखाली क्लॅम्पने छोटे पिवळे दिवे लावले की भागतं, भोक पाडावं लागत नाही.

एसी लावायचाच तर जुन्या इंजिनाला बसणारा आधुनिक कॉम्प्रेसर आणि डॅशखाली टांगायचं युनिट. पण आधी कूलिंग शंभर टक्के बरं झालेलं असू द्या, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच उभा राहतो.

टायर: रेडियल घ्या, चारही एकाच जातीचे, स्टेअरिंग लगेच हलकं आणि सरळ होतं. बाजूवरच्या अंडाकृतीतले चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही कोरी असो, दहा वर्षांचा टायर वापरू नका.

नाना पेठ, जुना बाजार आणि सुती पाने

गाडीचे सगळे नटबोल्ट इंची. मिलिमीटरचा पाना लावलात तर बोल्टाची टोकं गोल होतात. आपल्या जुन्या मिस्त्रींची भाषा इथे कामाची आहे: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्ध्या इंचाचा पाना मागताना "चार सुती द्या" म्हणा, ९/१६ ला "साडेचार सुती". काउंटरवरचा माणूस लगेच वर बघतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे जुने पाने वजनावर मिळतात, नव्यापेक्षा दणकट.

नाना पेठेत "इम्पालाचं ऑइल सील आहे का?" विचाराल तर नाही म्हणतील. जुना सील नमुना म्हणून न्या आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी सांगा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचा. पंख्याचा पट्टा लांबीवर, बल्ब बूडावर, होस आतल्या व्यासावर मिळतो. गाडीचं नाव सांगायचंच नाही. सांगितलं की भाव वाढतो. तीन-चार चकरांत एखादा दुकानदार ओळखायला लागतो आणि मग तोच आत जाऊन पोटमाळ्यावरून काहीतरी काढून आणतो.

अमेरिकेतून मागवताना मूळ पार्ट नंबरवरून मागवा आणि वर्षभराचं एकदम मागवा. पार्सलवर जकात आणि कुरिअर धरून वस्तूची किंमत सहज दुप्पट होते, त्यामुळे दहा डॉलरच्या क्लिपा एकेक मागवण्यात अर्थ नाही.

शेवटी रंग, आणि पहिली लांब फेरी

वर्षभर गाडी विनारंग चालवा. नवा रंग लावल्यावर ब्रेक पाइप गळला तर ब्रेक ऑइल तो रंग सोलून काढतं. मी हे दाराच्या खालच्या कडेवर पाहिलंय. क्रोमला देताना प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून, मोजून द्या. मी तेवीस तुकडे दिले होते, एकवीस परत आले, आणि "तेवढेच होते साहेब" यावर वाद घालायला माझ्याकडे कागद नव्हता.

पहिली लांब फेरी घाट नसलेली निवडा. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत, भल्या पहाटे. तिथे थांबून चारही चाकांच्या मध्याला हाताची पाठ लावा; एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो ब्रेक अडकतोय. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून चहा घ्या, थेंब कुठे पडले ते बघा आणि पेनने गोल करा. डिकीत पट्टा, दोन होस, क्लिपा, इग्निशनच्या पॉइंट आणि कंडेन्सरचा एक संच, पाच लिटर पाणी, अग्निशामक, ते ओलं करायचं फडकं. आणि चहा संपला की गाडी सुरू होईल याची खात्री होईपर्यंत टोळक्याला फोटो काढू देऊ नका, गाडी ढकलायला तेच लागतात.